स्लॅबचा फोटो टाकताय? आधी नंबर झाका

ग्रेडेड नाण्याचा, म्हणजे तपासून दर्जा (ग्रेड) ठरवून लेबलसकट प्लास्टिकच्या सीलबंद डबीत (स्लॅबमध्ये) ठेवलेल्या नाण्याचा, फोटो टाकताना बरेच जण लेबलवरच्या नंबरवर बोट ठेवतात, नवख्याला वाटतं काय एवढं लपवायचंय. तर तो नंबर पीसीजीएस किंवा एनजीसी या ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्यांच्या साइटवर टाकला (एनजीसीला सोबत लेबलवरची ग्रेडही) की नाणं कुठलं, साल कुठलं, ग्रेड किती, सगळं कुणालाही दिसतं. नकली स्लॅब बनवणाऱ्याला नेमका असाच एक खरा नंबर हवा असतो, मग तो तुमचंच लेबल हुबेहूब छापतो, आत त्याच सालाचं बनावट नाणं बसवतो आणि घेणाऱ्याने नंबर चेक केला तरी साइट म्हणते बरोबर आहे! दुसरं म्हणजे नाणं लिलावात घेतलेलं असेल तर नंबरवरून जुना भाव सापडू शकतो, मग घासाघीस त्याच आकड्यावरून सुरू.

झाकताना फक्त आकडे झाकून भागत नाही, बारकोड आणि क्यूआर कोडमध्येही नंबर असू शकतो, आणि लेबलची मागची बाजू तर लोक हमखास विसरतात. हलकं ब्लर नको, जाड काळी पट्टी मारा, नाहीतर सरळ लेबलवर कागदाचा कपटा ठेवूनच फोटो काढा.

विकणारा मात्र मागूनही नंबर देत नसेल तर मी तरी पैसे पाठवणार नाही. आणि दिला तरी साइटवर फोटो असेल तर डाग, ओरखडे एकेक करून जुळवा, नुसता नंबर जुळला म्हणून हुरळून जाऊ नका.