जंतांची गोळी घेतली, तरी पुन्हा जंत? या चुका टाळा

मूल झोपेत दात खातं, म्हणजे पोटात जंत झालेत. गोड फार खातं, म्हणूनच झालेत. दोन्ही समजुती भलत्याच चिवट आणि दोन्ही चुकीच्या. साखरेतून जंत होत नाहीत. जंतांची अंडी किंवा अळ्या शरीरात शिरल्या तरच होतात, आणि त्या येतात विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून, पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून, हातांवरून. मातीतून पसरणाऱ्या जंतांची लागण जगात सुमारे १५० कोटी लोकांना आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. संडास आणि पाण्याची सोय तोकडी असलेल्या प्रदेशांतच त्यांचा मुख्य भरणा.

गोळीला लस समजणे

सगळ्यात मोठी चूक हीच. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी त्या वेळी आतड्यात असलेले जंत मारते. उद्या-परवा पोटात जाणाऱ्या अंड्यांशी तिचा काही संबंध नाही.

गोलकृमीची एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. विष्ठेतून पडलेली ताजी अंडी लगेच बाधत नाहीत. ओलसर, उबदार मातीत दोन ते चार आठवडे पिकल्यावर बाधतात. म्हणजे उघड्यावर शौच झालेली जागा जेव्हा वरून स्वच्छ दिसायला लागते, धोका खरा तेव्हा सुरू होतो. मूल तिथे खेळतं आणि तीच बोटं तोंडात घालतं. ही अंडी मातीत काही वर्षंही टिकतात. पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनला ती दाद देत नाहीत, हाताला चोळायच्या सॅनिटायझरलाही नाही. पाणी उकळलं तर मरतात, साबणाने हात चोळून धुतले तर निघून जातात.

त्यामुळे जास्त लागण असलेल्या वस्तीत गोळ्या वाटल्यावर वर्षभरात लागण जवळपास पूर्वीइतकी होते. याला औषध ‘लागू पडलं नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे. म्हणूनच २० टक्के किंवा अधिक मुलांना लागण असेल तिथे वर्षातून एकदा आणि ५० टक्क्यांच्या वर असेल तिथे दोनदा गोळी द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ‘मागच्या वेळी घेतली होती की’ म्हणत दुसरी फेरी चुकवणारे पालक नेमकं इथेच फसतात.

नुसत्या गोळ्यांवर भिस्त ठेवणाऱ्या आरोग्य यंत्रणाही फसतात. दक्षिण कोरियात १९७१ मध्ये ८० टक्क्यांहून अधिक लोकांच्या विष्ठेत जंतांची अंडी सापडत होती; १९९७ पर्यंत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या खाली आलं. शाळकरी मुलांची वर्षातून दोनदा तपासणी आणि औषध हे काम चालूच होतं, पण त्याच काळात शेतातलं मानवी विष्ठेचं खत बंद होत गेलं, संडास सुधारले, राहणीमान वर आलं. माझ्या मते अर्ध्याहून जास्त श्रेय या दुसऱ्या भागाचं आहे.

एकच गोळी सगळ्यांवर

गोळीनंतरही त्रास राहिला, तर आधी शत्रू कोण ते बघा. चाबूककृमीवर अल्बेंडाझोलचा एकच डोस फारसा चालत नाही. जिआर्डिया आणि अमीबा हे तर जंतच नव्हेत, एकपेशीय जीव आहेत; त्यांचं औषध वेगळं आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा कृमी बारीक पण घातकी: तो शरीरातल्या शरीरात वाढत राहतो आणि रुग्णाला स्टिरॉइड सुरू झालं की जिवावर उठू शकतो. जिथे हा कृमी आढळतो तिथे राहिलेल्या माणसाने स्टिरॉइडआधी डॉक्टरांना तसं सांगावं.

रात्री गुदद्वाराशी खाज येते का? मग सुतकृमीचा संशय घ्या. मादी रात्री बाहेर येऊन तिथल्या कातडीवर अंडी घालते, म्हणून शौचाच्या तपासणीत ती बहुधा सापडतच नाही. सकाळी उठल्या उठल्या, धुण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून काढायची आणि ती काचपट्टीवर लावून प्रयोगशाळेत द्यायची. औषध घरातल्या सगळ्यांनी एकदमच घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. एकट्या मुलाला दिलं, तर भावंडांकडून परत येतं.

आणि रक्तक्षय. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतात, त्यामुळे हात कितीही धुतले तरी त्यांना अडवता येत नाही, चप्पल लागते. मोठे झालेले कृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. पोट दुखत नाही, जंत पडत नाहीत, बाई नुसती फिकट आणि दमलेली. तिला महिनोन् महिने लोहाच्या गोळ्या देत राहायचं आणि जंतांचं औषध द्यायचंच नाही, हे सर्रास घडतं.

तपासणीतली गफलत

अहवालात ‘काही आढळले नाही’ आलं की विषय संपत नाही. अंडी रोज सारखी पडत नाहीत. संशय असेल तर वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्यावेत. डबी कोरडी हवी, लघवी किंवा भांड्यातलं पाणी मिसळलेलं नको. पातळ शौचात हलता अमीबा पाहायचा तर नमुना अर्ध्या तासात सूक्ष्मदर्शकाखाली गेला पाहिजे. काटो-कात्झ पद्धतीच्या (विष्ठेचा थर काचपट्टीवर पसरून अंडी मोजायच्या) स्लाइडवर अंकुशकृमीची अंडी तासाभरात पारदर्शक होऊन दिसेनाशी होतात. सकाळी स्लाइडी करून ठेवायच्या आणि जेवण झाल्यावर निवांत बघायच्या, अशी रीत जिथे असते तिथे अख्ख्या गावात अंकुशकृमी ‘नाही’ ठरतो.

गोळी देताना

लहान मुलाला गोळी कुटून, पाण्यात कालवून द्या. रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून तोंडात गोळी कोंबू नका. गोळी घशात अडकून मुलं दगावली आहेत. १२ ते २३ महिन्यांच्या बाळाला अर्धीच गोळी, म्हणजे २०० मिलिग्रॅम. गरोदरपणाचे पहिले तीन महिने गोळी टाळतात. झटके येत असतील किंवा पूर्वी आले असतील, तर गोळीआधी डॉक्टरांना विचारा, कारण मेंदूत पट्टकृमीच्या गाठी असतील तर याच औषधाने झटके उसळू शकतात.

पोट फुगलंय, कळा येतायत, हिरवट उलटी होतेय, शौच आणि वारा दोन्ही बंद आहेत? गोलकृमींचा गोळा होऊन आतडं तुंबलेलं असू शकतं. अशा वेळी घरी जंतांचं औषध देऊ नका, मुलाला थेट रुग्णालयात न्या.