दोरा, ग्लोब आणि दोन घड्याळं

विमानाचं अंतर मोजायला मी अजूनही शिवणाचा दोरा घेतो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावून उपयोग नाही. सपाट नकाशा ध्रुवांकडे ताणला गेलेला असतो, त्यावरची सरळ रेघ प्रत्यक्षात लांबचा वळसा ठरते. ग्लोबवर दोरा ताणला की तो आपसूक जवळची वाट धरतो. लंडनचं हीथ्रो ते न्यूयॉर्कचं जेएफके ताणून बघा: दोरा आधी आयर्लंडवर जातो, मग कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरून खाली उतरतो.

माझ्या ग्लोबचा व्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे घेर साधारण ९४. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर. म्हणून १ सेंटिमीटरला ४२५ किलोमीटर. दोरा १३ सेंटिमीटर भरला, म्हणजे ५,५२५.

कॅल्क्युलेटर असेल तर आणखी नेमकं येतं. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार मिळवा. बेरजेचा उलटा कोसाइन काढला की अंश मिळतात, इथे ४९.८. एका अंशाला ६० सागरी मैल, सागरी मैलाला १.८५२ किलोमीटर: सुमारे ५,५४०. (पश्चिम रेखांश उणे धरा, नाहीतर उत्तर भलतंच येतं.) पृथ्वी पुरती गोल नाही, त्यामुळे दहा-पंधरा किलोमीटर इकडेतिकडे होणारच. दोऱ्याची चूकही जवळपास तेवढीच, याचा मला उगाच अभिमान आहे.

वेळेत मात्र लोक फसतात. ताशी ९०० किलोमीटरने भागलं की सव्वासहा तासांच्या आत उत्तर येतं, पण विमान चढताना-उतरताना तो वेग नसतो आणि धावपट्टीपर्यंत रांगतही जावं लागतं. मी सरसकट पाऊण तास वाढवतो. मग वारा. उंचावर तो बहुधा पश्चिमेकडून येतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून असेल तर वेग ८०० उरतो आणि न्यूयॉर्कला जाताना हवेतच सात तास लागतात. परतताना तोच वारा पाठीशी, मग साडेपाच.

शेवटी घड्याळ. लंडनहून सकाळी ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोचलात तर प्रवास तीन तासांचा नव्हे, आठ तासांचा, कारण न्यूयॉर्कचं घड्याळ लंडनच्या पाच तास मागे असतं. दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जगाच्या सामाईक प्रमाणवेळेत, बदला, मगच वजाबाकी करा. हा फरक वर्षभर पाचच तास नसतो. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे करते, ब्रिटन शेवटच्या. मधल्या दिवसांत फरक चार तासांचा. अशाच एका मार्चमध्ये ताईला आणायला मी हीथ्रोवर बरोबर आठला पोचलो, तिकीट न बघता, स्वतःच्या हिशेबावर. ती सातलाच उतरली होती.