टेन्शन किडनीपर्यंत पोचण्याआधी घरी काय करायचं

सोलापूरच्या साखर पेठेतले माझे मामा यंत्रमागावर रात्रपाळी करतात. हप्ते थकले, झोप उडाली. डोकं दुखलं की मेडिकलमधून गोळी घ्यायची आणि पाळीवर जायचं. पुढे संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचा वळ पायावर तसाच राहायला लागला, तेव्हा मामींनी बळेच दवाखान्यात नेलं. बीपी होतं १७०/१००.

टेन्शन एकट्याने किडनी खराब करतं असं नाही, ते वाटा शोधतं. किडनीच्या डोक्यावरच अधिवृक्क ग्रंथी असतात. काळजी लागली की त्या अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही हार्मोन्स सोडतात. रक्तवाहिन्या आवळतात, किडनी मीठ-पाणी धरून ठेवते, बीपी आणि साखर चढते. घटकाभराची काळजी शरीर निभावून नेतं. महिनोन्‌महिने हेच चाललं, तर किडनीतल्या लाखो बारीक चाळण्यांवर ताण येतो. कॉर्टिसॉल कायम चढं राहिलं की रोगाशी लढणाऱ्या पेशीही सुस्तावतात. सर्दी लवकर धरते, जखम भरायला वेळ लागतो.

सुरुवात बीपीपासून करा, आणि ते नीट मोजा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. हात छातीच्या पातळीत ठेवा. मिनिटभराने परत मोजा. सकाळ-संध्याकाळ, सात दिवस, दोन्ही आकडे वहीत लिहा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना दाखवा.

बीपी किंवा शुगर असेल तर वर्षातून एकदा तरी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासा. दोन्ही करा. किडनी बरीच बिघडेपर्यंत दुखत नाही, म्हणून तर भीती वाटते.

आता गोळ्या. याबद्दल मी घरोघरी भांडते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो. त्यात आपला एप्रिल-मे, पारा चाळिशीपार, शेडमध्ये घामाच्या धारा आणि पोटात पाणी नाही. अशा वेळी ती गोळी जास्तच घातक. डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नका.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक चमचाही नाही. कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी हवीच, कबूल. पण ती घरी कुटा आणि मीठ निम्मं घाला. लोणचं-पापड त्याच ताटात नको. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल तर ते विचारूनच घ्या.

झोपेचं काय? मामींनी खिडकीवर आपली जाड सोलापुरी चादर टांगली. दिवसा खोलीत अंधार झाला, फोन बाहेर ठेवला. संध्याकाळी दोघं सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला अर्धा तास चालून येतात, आणि हप्त्यांचं बोलणं तिथेच होतं. मामा मनातलं बोलायला लागले ते तिथेच.

लघवीला फेस राहतो, ती एकदम कमी होते, तोंडावर सूज येते किंवा धाप लागते, तर वही भरायची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जाताना घरात घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सगळी पिशवीत घाला.