हार्मोनची ट्रीटमेंट ऑनलाईन घेताय? मग आधी एवढं बघून घ्या

थायरॉईड, पीसीओडी, पाळी जायच्या वयातला त्रास, पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन, वजन, या सगळ्याला आता मोबाईलवर डॉक्टर मिळतो. आणि चंदगड, आजरा, गगनबावडा इकडच्या माणसाला त्याचं मोल लई आहे, कारण नुसता रिपोर्ट दाखवायला कोल्हापूरला यायचं म्हटलं की एसटीत आणि राजारामपुरीतल्या दवाखान्यात नंबर लावण्यात अख्खा दिवस जातो, वर रोजगार बुडतो तो वेगळाच. त्यामुळं मी ऑनलाईनच्या बाजूचाच आहे. फक्त तुम्ही डॉक्टर शोधायचा, पॅकेज शोधत बसायचं नाही. ज्या ॲपवर तुम्हाला काय होतंय हे विचारायच्या आधीच तीन महिन्यांचा "हार्मोन बॅलन्स प्लॅन" आणि पैसे भरायचं बटण समोर येतं, तिथनं तसंच माघारी फिरा.

पहिल्यांदा डॉक्टरचं नाव, डिग्री आणि रजिस्ट्रेशन नंबर बघा. मार्च 2020 मधे केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम काढले, त्यात ॲपवाल्यांनी हे सगळं पेशंटला दाखवायचंच असं आहे. तो नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साईटवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. हार्मोनचा खरा स्पेशालिस्ट म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, एमडी मेडिसिनच्या पुढं डीएम केलेला. "वेलनेस कोच" औषध लिहून देऊ शकत नाही, आणि त्याच नियमांप्रमाणं एआय चॅटबॉटलासुद्धा औषध लिहून द्यायची परवानगी नाही. पैसे द्यायचे नसतील तर सरकारचं ई-संजीवनी फुकट आहे, मोबाईल नंबरवर ओटीपी येतो, टोकन मिळतं, साधा सल्ला आणि चालू गोळ्यांबद्दल विचारायला ते बरं पडतं.

आता टेस्टचं बोलू, कारण सगळा घोळ इथंच होतो. ॲपवाले साठ-सत्तर टेस्टचं पॅकेज गळ्यात मारतात, त्यातल्या निम्म्या तुम्हाला लागतच नाहीत. आधी डॉक्टरशी बोला, तो सांगेल तेवढ्याच करा, आणि जवळच्या चांगल्या लॅबमधे करा. थायरॉईडला बहुतेक वेळा टीएसएच आणि फ्री टी4 पासून सुरुवात होते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, म्हणून किमान दोन दिवस आधी बंद ठेवा आणि लॅबवाल्यालाही सांगा. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी उपाशीपोटी, दहाच्या आत द्यायचं, कारण दिवस चढेल तसं ते उतरतं, आणि एकदा कमी आलं म्हणून लगेच इंजेक्शन नाही, दुसऱ्या एखाद्या दिवशी परत तपासायचं. पीसीओडीसाठी एफएसएच, एलएच या हार्मोनच्या टेस्ट सांगितल्या असतील तर पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात करतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरला आधीच सांगा, रिपोर्ट बदलतो.

व्हिडिओ कॉलच्या आधी एका कागदावर सगळं लिहून काढा. त्रास कधीपासून, वजन किती वाढलं-घटलं, पाळीच्या तारखा, चालू गोळ्या (आयुर्वेदिक आणि जिमची पावडरसुद्धा), बीपी, शुगर, घरात कुणाला थायरॉईड, कॅन्सर किंवा रक्ताच्या गाठीचा त्रास होता का. उजेड तोंडावर पडेल असं बसा. गळा दाखवायचा असेल तर मान जरा वर करून कॅमेऱ्यासमोर पाण्याचा एक घोट गिळा, थायरॉईडला सूज असेल तर ती गिळताना वरखाली होताना दिसते, चांगला डॉक्टर हे स्वतःहून करायला सांगतो. पीसीओडीला हनुवटीवरचे केस, मानेवरचा काळा पट्टा दाखवायला लाजू नका. एकत्र घरात एकांत मिळत नाही हे मला माहीत आहे, बायकांना तर नाहीच, तेव्हा हेडफोन लावा, गच्चीवर जा, पण खरं ते बोला. आणि दोन मिनिटांत प्रिस्क्रिप्शन टाकून कॉल कट करणारा डॉक्टर असेल तर सरळ दुसरा बघा.

प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर, सही, तारीख पाहिजेच. ते घेऊन आपल्या नेहमीच्या मेडिकलमधून औषध घ्या, ॲपकडूनच घ्यायची सक्ती नाही. थायरॉईडची गोळी उशाजवळ ठेवा, उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा ते एक तास चहा नाही. आपल्याकडं चहाशिवाय डोळे उघडत नाहीत, तरी हे पाळाच. कॅल्शियम, लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर. डोस बदलला की साधारण सहा ते आठ आठवड्यांनी परत टीएसएच, त्याआधी करून उपयोग नाही. व्हिटॅमिन डी च्या 60,000 युनिटच्या पुड्या डॉक्टरने सांगितले तितके आठवडेच घ्यायच्या, वर्षानुवर्षं चालू ठेवल्या तर रक्तात कॅल्शियम वाढतं.

जिमच्या पोरांना मुद्दाम सांगतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदू अंडकोषाला काम बंदचा निरोप देतो, शुक्राणू कमी होतात, कधी कधी शून्यावर जातात, रक्तही घट्ट होतं. लग्न ठरलेलं आहे, मूल पाहिजे आहे, तर हे इंजेक्शन घ्यायच्या आधी डॉक्टरला तोंडाने स्पष्ट सांगा. कोणी कॉलवर नुसता थकवा ऐकून, रिपोर्ट न बघता लिहून देत असेल तर घेऊ नका.

वजनाच्या इंजेक्शनचं पण तसंच. मौंजारो मार्च 2025 मधे भारतात आलं आणि तेव्हापासून सगळे विचारतायत. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉईड कॅन्सर असेल तर आधी सांगायचं. न वापरलेलं पेन 2 ते 8 डिग्रीत ठेवावं लागतं, तेव्हा एप्रिल-मेच्या उन्हात कुरिअरने आलं तर पार्सल तिथंच उघडा, आतला बर्फाचा पॅक गार आहे का हात लावून बघा, गरम लागलं तर परत करा. फ्रीजमधे मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमधे नाही.

पाळी गेल्यावरच्या हार्मोन गोळ्यांना मी विरोध करत नाही, घामाच्या लाटांनी रात्र रात्र जागणाऱ्या बायकांना त्याने खरंच आराम पडतो. पण स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असेल, रक्ताची गाठ झाली असेल किंवा पाळी बंद झाल्यावर परत रक्त गेलं असेल तर ऑनलाईन नाही, आधी प्रत्यक्ष गायनॅक. आणि गर्भाशय शाबूत असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन लागतंच, तुमच्या प्रिस्क्रिप्शनवर दोन्ही आहेत का बघा, नसेल तर विचारा.

सबस्क्रिप्शन घेतलं असेल तर यूपीआयमधे ऑटोपे (म्हणजे ठरल्या तारखेला आपोआप पैसे कापणं) चालू झालाय का बघून ठेवा, नको असेल तर तिथनंच बंद करता येतो. सगळे रिपोर्ट तारखेने एका फोल्डरला ठेवा. गळ्यात गाठ भराभर वाढतेय, दिवस गेलेत आणि थायरॉईड आहे, छातीत धडधड थांबत नाही, पोटात कळ येऊन उलट्या थांबेनात, अशा वेळी कॉल बुक करत बसू नका, जवळचं हॉस्पिटल किंवा सरळ कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल गाठा, गाडी नसेल तर 108 ला फोन लावा.