राजाराम बंधाऱ्याची पातळी दिवसातून तीनदाच: कामावरचं डूमस्क्रोलिंग कसं आवरायचं

जुलै अर्धा सरला की कोल्हापुरातल्या कुठल्याही ऑफिसात, उद्यमनगरातल्या वर्कशॉपात, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एकच प्रश्न फिरतो: पाणी किती फुटांवर? राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या माणसानं हा आकडा विचारला तर त्यात काहीच चूक नाही. अडचण त्यापुढे सुरू होते. आकडा अर्ध्या मिनिटात कळतो, पण बोट थांबत नाही. राधानगरी धरणाचे दरवाजे, अलमट्टी धरणाचा विसर्ग, मग भलत्याच राज्यात पूल वाहून गेल्याचा व्हिडिओ, मग अपघात, मग युद्ध. वीस मिनिटांनी मान वर होते तेव्हा नदीविषयी नवीन काही कळलेलं नसतं आणि हातातल्या कामाचा धागा मात्र तुटलेला असतो.

याला डूमस्क्रोलिंग म्हणतात. कोविडच्या २०२० सालात हा शब्द जगभर रुळला. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वेरी शब्दकोशाच्या समितीनं त्या वर्षीचा शब्द म्हणून तोच निवडला. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी आणि २०२३ मध्ये तुर्कस्तानातल्या संशोधकांनी ही सवय मोजण्यासाठी प्रश्नावल्या तयार केल्या. तुर्कस्तानातल्या अभ्यासात जास्त डूमस्क्रोलिंग करणाऱ्यांमध्ये मानसिक त्रास जास्त आणि जीवनाविषयीचं समाधान कमी आढळलं. इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. असे बहुतेक अभ्यास लोकांनी स्वतः भरून दिलेल्या उत्तरांवर आणि परस्परसंबंधावर उभे आहेत. काळजी करणारा माणूस जास्त स्क्रोल करतो की जास्त स्क्रोल केल्यानं काळजी वाढते, याचा निवाडा त्यातून होत नाही. दोन्ही बाजूंनी जोर लागत असावा, असं आमचं मत आहे.

प्रयोग करून तपासलेल्या काही गोष्टी मात्र आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना दोन ते चार मिनिटंच समाजमाध्यमांवरच्या कोविडच्या बातम्या दाखवल्या, तेवढ्यानंही त्यांचा उत्साह आणि आशावाद घसरला. एका मोठ्या बातमी-मजकुराच्या संकेतस्थळावरच्या लाखभर मथळ्यांची २०२३ मध्ये तपासणी झाली. सरासरी लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढत होतं. म्हणजे वाईट बातमीकडे आपण ओढले जातो आणि ती समोर ठेवणाऱ्याला ते ठाऊक असतं. त्यात भर म्हणून खाली कधीच न संपणारं पान. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं, फोनला नाही.

कामाशी संबंध कसा

२००९ मध्ये संशोधक सोफी लेरॉय यांनी दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं तरी मनाचा एक भाग पहिल्याच कामात अडकून राहतो आणि दुसरं काम कच्चं होतं. डूमस्क्रोलिंगला हे चपखल लागू पडतं, कारण वाईट बातमी नेहमीच अर्धवट असते. पाणी चढेल की उतरेल, माणूस वाचला की नाही, हे कळण्याआधीच आपण फोन खाली ठेवतो. मग सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, हत्याराच्या मापातला फरक (टूल ऑफसेट) भरताना दशांशचिन्ह एक घर सरकतं, किंवा हिशोबाच्या टॅलीत एकच बिल दोनदा चढतं. अशी चूक स्क्रोल करताना होत नाही, फोन ठेवल्यानंतरच्या काही मिनिटांत होते. म्हणून ती फोनच्या नावावर कोणी मांडत नाही. कर्मचाऱ्यांवरच्या २०२४ च्या संशोधनातही कामाच्या वेळेत डूमस्क्रोलिंग करणाऱ्यांचं कामातलं लक्ष आणि गुंतणं कमी झाल्याचं दिसलं.

आधी तीन दिवस फक्त मोजायचं

पहिल्याच दिवशी काही बदलू नका. सलग तीन कामाचे दिवस खिशात छोटी वही ठेवा आणि फोन उघडला की तीन गोष्टी लिहा: वेळ, हातातलं काम, फोन का उघडला. एक ओळ पुरे, उदाहरणार्थ: ‘११.२०, जीएसटीचा मेळ लागेना, पातळी बघायला.’ संध्याकाळी अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये किंवा आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये जाऊन दोन आकडे टिपा: फोन किती वेळा उघडला आणि सूचना किती आल्या. एकूण तासांना फार महत्त्व देऊ नका, त्यात नकाशा आणि फोनवरचं बोलणंही मिसळलेलं असतं.

तीन दिवसांनी तिसरा रकाना वाचा. कारणं बहुधा तीन गटांत पडतात. एक, खरी माहिती हवी होती. दोन, सूचना वाजली म्हणून उघडला. तीन, काम अवघड किंवा कंटाळवाणं झालं आणि हात आपोआप गेला. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. तिन्हींवर एकच औषध लावलं की ते लागू पडत नाही, आणि बहुतेकांची गाडी इथंच रुतते.

खऱ्या माहितीसाठी: वेळ आणि ठिकाण ठरवा

नदी तासाला काही इंच चढते किंवा उतरते, दर पाच मिनिटांनी बघून हाती काही लागत नाही. पातळी ३९ फुटांच्या खाली असेल तर दिवसातून तीनदा बघायची: कामावर आल्यावर, जेवणाच्या सुट्टीत आणि निघताना. ३९ ते ४३ दरम्यान दर दोन तासांनी, ४३ च्या वर दर तासाला. बघायचं ते जिल्हा प्रशासन जाहीर करतं त्या आकड्यातच. फॉरवर्ड झालेला व्हिडिओ हा आकडा नव्हे. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचा मागच्या वर्षीचा व्हिडिओ या वर्षी पुन्हा फिरला तर नुसतं बघून ओळखता येत नाही.

प्रत्येक पातळीला एक कृती बांधा. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. काय करायचं ते ठरलेलं नसतं तेव्हा मन माहितीवर माहिती मागत राहतं, ठरलं की मागणी आपोआप ओसरते. कागदावर लिहून भिंतीला लावा: ३९ फूट झाले की तळमजल्यावरची रजिस्टरं आणि संगणक वर न्यायचे. ४३ च्या आधीच सखल भागातल्या लोकांना घरी सोडायचं. प्रयाग चिखली, आंबेवाडीकडच्यांना त्याहूनही लवकर, कारण त्यांचा रस्ता आधी बंद होतो. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येण्याची लक्षणं दिसली तर गाड्या कुठं थांबवायच्या तेही लिहा. अडचणीच्या वेळी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, तोही त्याच कागदावर मोठ्या अक्षरात हवा.

एका खात्यात एकानंच बघायचं आणि आकडा फळ्यावर खडूनं लिहायचा, वेळेसकट. वेळ नसलेला आकडा निरुपयोगी असतो, लोक पुन्हा फोन काढतात. हे काम आठवड्याआड बदलत राहा. एकाच माणसाच्या गळ्यात पडलं तर सगळ्यांची काळजी त्याच्या एकट्याच्या डोक्यावर बसते.

पावसाळा नसेल तर पातळीच्या जागी दुसरं काही असतं: निवडणूक, शेअर बाजार, कुठली तरी साथ. पद्धत तीच: ठरलेली वेळ, एक स्रोत, आधी ठरवलेली कृती. जिथं आपल्याला करण्यासारखं काहीच नाही, ती बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात वाचली तरी काही बिघडत नाही.

सूचनांसाठी: फोनमध्ये करायचे बदल

नुसती सूचना वाजली आणि ती उघडलीही नाही, तरी एकाग्रतेच्या कामात चुका वाढतात, हे २०१५ च्या एका प्रयोगात दिसलं आहे. म्हणून आवाज आणि थरथर दोन्ही घालवा. पण सगळंच बंद करू नका. २०१९ च्या दोन आठवड्यांच्या प्रयोगात ज्यांना सूचना दिवसातून तीन ठरलेल्या वेळी एकगठ्ठा मिळाल्या ते जास्त समाधानी आणि एकाग्र होते, आणि ज्यांच्या सूचना पूर्ण बंद केल्या त्यांची बेचैनी उलट वाढली.

बातम्यांच्या सगळ्या ॲपच्या सूचना बंद. व्हॉट्सॲपवर पाऊसपाण्याचे, गल्लीचे, मंडळाचे गट ‘नेहमी’साठी म्यूट करा आणि अर्काइव्हमध्ये टाका. चॅट्सच्या सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स अर्काइव्ह ठेवा’ चालू असेल तर नवा मेसेज आला तरी गट वर उसळी मारत नाही. यूट्यूबचा ऑटोप्ले बंद करा. पाहिल्याचा इतिहास बंद करून जुना पुसून टाकला तर पहिलं पान जवळजवळ कोरं दिसतं, आणि कोऱ्या पानावर स्क्रोल करायला काहीच नसतं. हा उपाय साधा आहे, पण आमच्या मते सगळ्यात परिणामकारक उपायांपैकी एक.

घरच्यांचा फोन चुकेल ही भीती रास्त आहे, तिची सोय आधी करा. डू नॉट डिस्टर्बमध्ये घरच्या तीन-चार क्रमांकांना परवानगी द्या आणि ‘पुन्हा कॉल करणारे’ हा पर्याय चालू ठेवा. अँड्रॉइडवर त्याच क्रमांकावरून १५ मिनिटांत दुसरा कॉल आला की तो वाजतो, आयफोनवर ही मुदत ३ मिनिटांची आहे. घरी हे सांगून ठेवा: तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा लावा. एवढं सांगितलं नाही तर माणूस दोन दिवसांत सगळं पुन्हा चालू करतो.

आपोआप जाणाऱ्या हातासाठी

इथं इच्छाशक्तीवर भिस्त ठेवू नका, वाटेत अडथळा ठेवा. ॲप उघडताना थोडा वेळ थांबवून ‘खरंच उघडायचं आहे का’ असं विचारणाऱ्या एका साधनाचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ३६ टक्के वेळा लोकांनी तिथूनच ॲप बंद केलं, आणि सहा आठवड्यांत उघडण्याचे प्रयत्नही ३७ टक्क्यांनी घटले. असं ॲप टाकायचं नसेल तर हाच अडथळा हातानं तयार करा: फेसबुक, इन्स्टाग्राम मुख्य पडद्यावरून काढा, प्रत्येक वेळी लॉगआउट करा. पडदा काळापांढरा ठेवल्यानं २०२० च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांचा वापर दिवसाला सुमारे ३८ मिनिटांनी कमी झाला. ड्रॉइंग किंवा मालाचा रंग फोनवर बघावा लागत असेल तर मात्र हे करू नका.

मशीनवर असाल तर फोन लॉकरमध्येच. लेथ चालू असताना किंवा भट्टीवर धातू ओतताना प्रश्न एकाग्रतेच्या पलीकडे जातो, तिथं बोटांचा आणि जिवाचा प्रश्न आहे. टेबलावरच्या कामात फोन मागच्या कपाटात किंवा बॅगेत ठेवा, म्हणजे उठावं लागेल. फोन नुसता समोर पालथा असला तरी बुद्धी कमी चालते, असा २०१७ चा एक गाजलेला निष्कर्ष आहे. पुढच्या प्रयोगांत तो दरवेळी तसाच मिळाला नाही. पण उठावं लागणं हा अडथळा तरीही कामाचाच.

चहाची सुट्टी फोनवर घालवू नका

दहा मिनिटांपर्यंतच्या छोट्या विश्रांतीनं थकवा कमी होतो आणि ताजेपणा वाढतो, हे २०२२ च्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. पण विश्रांती कशी घेतली यावर बरंच अवलंबून असतं. २०१९ मध्ये ४१४ विद्यार्थ्यांना शब्दकोडी सोडवायला दिली आणि मध्ये सुट्टी दिली. ज्यांनी ती फोनवर घालवली त्यांना उरलेल्या भागाला १९ टक्के जास्त वेळ लागला आणि २२ टक्के कमी कोडी सुटली, जवळजवळ सुट्टीच न घेतल्यासारखी. म्हणून टपरीवर कटिंग घ्यायला जाताना फोन जागेवर ठेवा. उठण्याआधी कामाची पुढची पायरी चिठ्ठीवर लिहा, ‘पुढं: ४७ नंबरचं बिल तपासायचं’, आणि परतल्यावर तिथूनच सुरू करा. अर्धवट कामाचं ओझं या चिठ्ठीनं बरंच उतरतं.

मालक आणि सुपरवायझरसाठी

फोन गोळा करून टोपलीत टाकणं हा पहिला विचार असतो. सुरक्षेसाठी मशीनजवळ तो बरोबर आहे. सगळ्या ऑफिसात तो उलटतो, विशेषतः केबिनमध्ये साहेबांचा फोन चालूच असेल तर. सिंगापूरच्या संशोधक विव्हियन लिम यांनी २००२ मध्येच दाखवलं होतं की आपल्यावर अन्याय होतोय असं वाटणारे कर्मचारी कामाच्या वेळेत इंटरनेटवर जास्त रेंगाळतात आणि तो हिशोब बरोबरीचा आहे असं मानतात. त्यामुळे नियम सगळ्यांना सारखा हवा. आणि माणूस खरोखरच घाबरून बघत असतो, हे आधी मान्य करा. ज्याचं घर दुधाळीत किंवा शाहूपुरीत पाण्याच्या वाटेवर आहे, त्याला ‘फोन ठेव’ सांगण्याआधी ‘सामान वर चढवलं का, अर्धा दिवस हवा का’ हे विचारा. तेवढ्या एका प्रश्नानं जी शांतता मिळते ती कुठल्याही ॲपनं मिळत नाही. शिवाय ऑफिसच्या गटावर काळजीचे फॉरवर्ड टाकू नका, कामाच्या गटात फक्त कामाचा मजकूर ठेवा. नाहीतर तो गट म्यूट करताच येत नाही.

कुठं बिघडतं

ॲपवर वेळेची मर्यादा लावली की माणूस ब्राउझरमधून तीच साइट उघडतो, म्हणून मर्यादा दोन्हीकडे लावा. मर्यादा संपल्यावर ‘आणखी पाच मिनिटं’ हे बटण रोज दाबलं जात असेल तर मर्यादा फार कडक आहे, सध्याच्या सरासरीच्या तीन चतुर्थांशावर आणा आणि दर आठवड्याला थोडी घटवा. दिवसभर आवरलं आणि रात्री अंथरुणात दीड तास गेला, असंही होतं. मग दिवसाची तिसरी वेळ घरी निघताना न ठेवता रात्रीच्या जेवणानंतर ठेवा आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. साधं गजराचं घड्याळ घ्यावं लागेल, नाहीतर गजराच्या निमित्तानं फोन उशाशी येतो.

दोन आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस वही भरा. फोन उघडण्याचा आकडा फार घटला नसला तरी तिसरा रकाना बघा. ‘हात आपोआप गेला’ या नोंदी कमी झाल्या असतील तर बदल योग्य जागी लागला आहे. त्याच नोंदी कायम राहिल्या आणि त्या रोज एकाच कामाशेजारी दिसत असतील, तर ते काम दोन छोट्या तुकड्यांत वाटून घ्या किंवा सकाळच्या पहिल्या तासात हलवा. पुढच्या आठवड्यात फक्त तेवढ्याच नोंदी मोजा.