प्रस्थापित मंडळीने नवी मंडळी का आणि कशी सुरू करावी

बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायाच्या आरंभी अंत्युखियाच्या मंडळीतील, म्हणजे तेथील स्थानिक ख्रिस्ती समुदायातील, पाच संदेष्टे व शिक्षक नावांनिशी दिले आहेत: बर्णबा, निग्र म्हटलेला शिमोन, कुरेनेकर लूक्य, मनाएन आणि शौल, जो पुढे पौल म्हणून ओळखला गेला. उपासना व उपास चालू असताना पवित्र आत्म्याने या पाचांपैकी बर्णबा व शौल यांना आपल्या कामासाठी वेगळे करण्यास सांगितले. याच दोघांनी त्या मंडळीत वर्षभर राहून पुष्कळ लोकांना शिक्षण दिले होते. तरीही मंडळीने उपास व प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले आणि त्यांना रवाना केले. नव्या मंडळीच्या स्थापनेचा विचार या प्रसंगापासून करणे मला योग्य वाटते, कारण अंत्युखियाने सहज सुटणारे असे काही दिले नाही; ज्यांच्यावाचून तिचे अडले असते अशी माणसे दिली. स्थिरावलेल्या मंडळीकडे इमारत, निधी आणि अनुभव असतो, पण नव्या मंडळीला सर्वांत आधी लागतात ती तयार झालेली माणसे, आणि ती देण्याची तयारी मंडळीने हेतुपुरस्सर करावी असे माझे मत आहे.

नवी मंडळी का हवी

मंडळी जुनी आणि मोठी होत जाते तसतशी तिची शक्ती स्वतःची व्यवस्था सांभाळण्यात अधिकाधिक खर्च होऊ लागते. इमारतीची डागडुजी, वार्षिक कार्यक्रम, कमिट्यांच्या बैठका ही सर्व आवश्यक कामे आहेत आणि ती करणाऱ्यांचा मी अनादर करीत नाही. परंतु तीनशे जणांच्या मंडळीत गीते चालवण्यासाठी दोन-तीन व्यक्ती पुरतात, संदेश देणारे एक-दोनच असतात आणि मुलांना शिकवणारेही ठरलेले असतात. उरलेल्यांमध्ये दाने, म्हणजे देवाने सेवेसाठी दिलेल्या क्षमता, नसतात असे मुळीच नाही. त्यांच्या दानांना जागा नसते, आणि वर्षानुवर्षे केवळ ऐकत बसल्यावर ती दाने आपल्याजवळ आहेत हेही त्यांना आठवत नाही. तीसजणांच्या मंडळीत मात्र प्रत्येकाला काहीतरी हाती घ्यावेच लागते. ज्याने कधी मोठ्याने प्रार्थना केली नव्हती तो प्रार्थना चालवतो, ज्या भगिनीने कधी वर्ग घेतला नव्हता ती बायबलचा वर्ग घेऊ लागते, आणि सेवकांची एक नवी पिढी अशा कामातूनच घडते.

दुसरे कारण बाहेरच्या माणसाचे आहे. जुन्या मंडळीची भाषा, उपासनेची वेळ, गीतांची पद्धत, एवढेच नव्हे तर कोणी कोणाशेजारी बसायचे हेसुद्धा आधी आलेल्यांच्या सोयीने ठरून गेलेले असते. नव्याने आलेल्या व्यक्तीचे प्रेमाने स्वागत होते, पण तेथील नातीगोती आधीच पूर्ण झालेली असल्यामुळे ती व्यक्ती पुष्कळ दिवस पाहुणीच राहते. नव्या मंडळीत कोणीच जुना नसतो आणि पहिल्या वर्षी येणारा प्रत्येकजण स्थापना करणाऱ्यांतच गणला जातो. याशिवाय अंतराचा प्रश्न आहे. दूर राहणारे विश्वासी रविवारी प्रवास करून उपासनेला येतात, पण आपल्या शेजाऱ्याला आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी प्रार्थनेला बोलवावे तर जवळ मंडळीच नसते. वेगळी भाषा बोलणारे, रविवारी सकाळी कामावर असणारे, पालकांची भाषा समजते पण त्या भाषेत प्रार्थना करू न शकणारे तरुण, अशा कितीतरी लोकांसाठी विद्यमान उपासनेत थोडाफार बदल करून भागत नाही.

तिसरे कारण मूळ मंडळीच्या स्वतःच्या आरोग्याचे आहे. पंचवीस कार्यकर्ते गेले की पंचवीस जागा रिकाम्या होतात आणि आजवर मागे राहिलेल्यांना पुढे यावे लागते. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: प्रारंभीची हानी खरी असते. दान घटते, गायकवर्ग विरळ होतो, ओळखीचे चेहरे दिसत नाहीत. पुढाऱ्यांनी ही हानी सौम्य करून सांगू नये. निर्णय घेण्यापूर्वीच ती सभेपुढे मांडावी, म्हणजे नंतर कोणाला आपली दिशाभूल झाली असे वाटणार नाही.

कोणत्या कारणासाठी सुरू करू नये

मंडळीत तट पडले असतील तर एका गटाला मानाने बाहेर काढण्याची युक्ती म्हणून नवी मंडळी कधीही सुरू करू नये. तो कलह नव्या मंडळीबरोबरच जातो आणि तेथे त्याला आवर घालणारे अनुभवी वडील, म्हणजे मंडळीची देखरेख करणारे नेमलेले पुढारी, हेही नसतात. आधी समेट करावा, तो होत नसेल तर निदान त्या भांडणाला सुवार्ताकार्याचे नाव देऊ नये. तसेच जेथे दुसऱ्या संप्रदायाची निरोगी मंडळी आधीपासून सेवा करीत आहे, तेथे तिच्याच सभासदांना ओढून संख्या वाढवणे म्हणजे वाढ नव्हे. दुसऱ्याच्या पायावर बांधू नये हे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःपुरते ठरवलेले धोरण आजही पाळण्याजोगे आहे. म्हणून जागा निश्चित करण्यापूर्वी तेथील पाळकांची भेट घ्यावी आणि आपला हेतू त्यांना समक्ष सांगावा.

जागेची पाहणी

निर्णयाची सुरुवात मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीच्या एका बैठकीत होऊन तेथेच संपू नये. काही महिने प्रार्थनेला आणि पाहणीला द्यावेत. सभासदांची घरे नकाशावर खुणा करून पाहिली की पुष्कळदा उत्तर समोर येते: दूरच्या एखाद्या वस्तीत आपलीच पाच-सहा कुटुंबे असतात आणि ती एकमेकांना आठवड्यात भेटतही नसतात. तेथे आधी प्रार्थनासभा सुरू करावी. ती सहा महिने नियमित चालली, शेजारचे लोक येऊ लागले आणि घरमालकाचा उत्साह टिकून राहिला, तर ती जागा विचारात घेण्यासारखी आहे असे समजावे.

पुढारी आणि सोबतचा गट

पुढाऱ्याची निवड ही या संपूर्ण कार्यातील सर्वांत अवघड बाब आहे. उत्तम संदेश देणारी व्यक्ती नवी मंडळी उभी करू शकेलच असे नाही, कारण भरलेल्या सभागृहात बोलणे आणि रिकाम्या खोलीत माणसे जमवणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील आणि तीताला लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातील गुण तर पाहावेतच. त्याखेरीज आणखी काही प्रश्न विचारावेत: या व्यक्तीने आपल्या घरी एखादा गट सुरू करून तो टिकवला आहे काय? तिने दुसऱ्या कोणाला सेवेत तयार केले आहे काय? वडिलांनी नकार दिला तेव्हा ती कशी वागली? तिच्या कुटुंबाची मनापासून संमती आहे काय? शेवटचा प्रश्न घरच्यांना वेगळे भेटून विचारावा. पुढारी एकटा नसावा; अंत्युखियाने दोघांना पाठवले, आणि पुढेही पौल सहसा सोबत्यांसह प्रवास करीत असे.

असे पुढारी आयत्या वेळी शोधून सापडत नाहीत. १७४२ साली इंग्लंडमधील ब्रिस्टॉल येथे सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीतील लोकांनी सुमारे बाराजणांचे गट पाडले आणि प्रत्येक गटप्रमुखाने सभासदांकडून दर आठवड्याला एक पेनी गोळा करावी असे ठरवले. गटप्रमुख घरोघर जाऊ लागल्यावर लोकांच्या जीवनाची खरी स्थिती त्यांना कळू लागली, आणि या चळवळीचे नेते जॉन वेस्ली यांनी त्याच व्यवस्थेला आत्मिक देखरेखीचे रूप दिले. साध्या विश्वासी स्त्री-पुरुषांना दहा-बारा जणांची जबाबदारी देणे, हेच पुढाऱ्यांचे शिक्षण ठरले. ज्या मंडळीत गृहगट नाहीत तिने नवी मंडळी सुरू करण्याच्या दोन-तीन वर्षे आधी ते सुरू करावेत.

सोबत जाणाऱ्या गटात वीस ते तीस प्रौढ असावेत असा माझा अंदाज आहे, परंतु संख्येपेक्षा त्यांची विविधता महत्त्वाची आहे. मुलांना शिकवणारे, हिशेब ठेवणारे, आजाऱ्यांना भेटणारे, गीते चालवणारे असे सर्व त्यात हवेत, आणि सर्वजण एकमेकांचे नातेवाईक नसावेत. अन्यथा ती मंडळी एका घराण्याची होऊन बसते. आवाहन जाहीरपणे करावे, पण प्रत्येकाशी स्वतंत्रपणेही बोलावे. कोणावर दडपण आणू नये, आणि ज्याला जावेसे वाटते त्याला केवळ तो आपल्याला उपयोगी आहे म्हणून अडवूही नये. या दुसऱ्या बाबतीत पाळकांची खरी कसोटी लागते. जाणाऱ्यांनी निदान दोन वर्षे तेथे राहण्याचे वचन द्यावे आणि त्यानंतर कोणी परत आल्यास त्याला दोष देऊ नये. जाहीर उपासना सुरू होण्यापूर्वी या गटाने काही महिने एकत्र प्रार्थना करावी, वचन वाचावे आणि त्या वस्तीतील लोकांच्या ओळखी करून घ्याव्यात.

पैसा आणि जागा

जागेविषयी थोडक्यात सांगता येते: आधी इमारत बांधू नये. फिलिप्पै येथे लुदियाच्या घरी बंधुजन जमत, रोममध्ये प्रिस्किल्ला व अक्विल्ला यांच्या घरात मंडळी होती, आणि इफिसात पौलाने तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षे दररोज संवाद केला. भाड्याचे सभागृह किंवा ऐसपैस घर प्रारंभी पुरेसे असते.

पैशाविषयी मात्र सविस्तर विचार हवा. एकोणिसाव्या शतकात हेन्री व्हेन आणि रूफस अँडरसन या दोन मिशन-चिटणिसांनी, एक इंग्लंडमध्ये आणि दुसरे अमेरिकेत, असे मांडले की नवी मंडळी आपला खर्च, आपला कारभार आणि आपला प्रसार स्वतः करणारी झाली पाहिजे. जॉन नेव्हियस या चीनमधील प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी १८९० साली सोल येथे जाऊन तेथील तरुण मिशनऱ्यांना याच दिशेने मार्गदर्शन केले: स्थानिक विश्वासी जेवढी झेपेल तेवढीच इमारत उभारोत आणि आपल्या सेवकांचे पोषण स्वतः करोत. कोरियातील प्रेस्बिटेरियन कार्याने हे धोरण स्वीकारले. यातील सार असे की, मदत द्यावी, पण तिची मुदत पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी. पहिल्या वर्षी बहुतांश खर्च, दुसऱ्या वर्षी निम्मा, तिसऱ्या वर्षी थोडा आणि चौथ्या वर्षी काही नाही, अशी उतरती मदत मला योग्य वाटते. खजिनदार व बँकेचे खाते आरंभापासून स्वतंत्र असावे. नव्या विश्वासीयांना दान शिकवण्यास संकोच करू नये. फिलिप्पैच्या मंडळीने, ती अगदी नवी असतानाच, थेस्सलनीकेत पौलाच्या गरजेसाठी एकदा नव्हे तर पुन्हा साहाय्य पाठवले होते.

अधिकार सोपवणे

पुष्कळ प्रयत्न याच ठिकाणी अडखळतात. मूळ मंडळी माणसे आणि पैसा देते, पण निर्णय सोडत नाही, आणि नवी मंडळी कायम उपशाखा होऊन राहते. म्हणून बाप्तिस्मा, प्रभुभोजन, शिस्त आणि सिद्धांत यांविषयीचे निर्णय प्रारंभी कोण घेणार, आणि ते नव्या मंडळीच्या वडिलांकडे केव्हा जाणार, हे लेखी ठरवावे. ज्या संप्रदायांत बिशप किंवा प्रेस्बिटरी (अनेक मंडळ्यांवर देखरेख करणारी सभा) यांची मान्यता आवश्यक असते तेथे ती आधीच घ्यावी, आणि नोंदणी व सभा यांविषयीचे त्या देशाचे कायदे पाळावेत. पौल व बर्णबा यांनी लुस्त्र, इकुन्य आणि पिसिदियातील अंत्युखिया (त्यांना पाठवणाऱ्या अंत्युखियाहून वेगळे शहर) येथे परतीच्या प्रवासातच वडील नेमले आणि त्यांना प्रभूच्या हाती सोपवले. ते विश्वासी फार अनुभवी नव्हते, तरीही प्रेषितांनी देवावर भरवसा ठेवून अधिकार दिला. तीन वर्षांच्या आत स्थानिक वडील नेमले गेले नाहीत, तर दोष बहुधा नव्या मंडळीचा नसून पाठवणाऱ्या मंडळीच्या भीतीचा असतो.

बर्णबाचे उदाहरण येथे फार मोलाचे आहे. स्तेफनाच्या छळानंतर पांगलेल्या, ज्यांची नावेही लिहून ठेवलेली नाहीत अशा कुप्र व कुरेने येथील माणसांनी अंत्युखियात हेल्लेण्यांना, म्हणजे ग्रीक लोकांना, सुवार्ता सांगितली, आणि यरुशलेमच्या मंडळीने चौकशीसाठी बर्णबाला पाठवले. त्याने देवाची कृपा पाहून आनंद मानला, बोध केला, आणि मदतीसाठी तार्साहून शौलाला आणले. तेथे यरुशलेमची प्रतिकृती उभी करण्याचा खटाटोप त्याने केला नाही. पुढे दुष्काळाच्या वेळी याच अंत्युखियाने यहूदीयातील बंधूंना मदत पाठवली. पाळकांनी नव्या मंडळीला भेट द्यावी ती याच वृत्तीने. उपासनेचा क्रम, गीते, बैठकीची वेळ यांबाबत तिने वेगळा निर्णय घेतला तर तो तिचा अधिकार मानावा. मूळ मंडळीच्या रविवारच्या प्रार्थनेत तिचे नाव घ्यावे आणि पहिल्या वर्षी उपस्थितीच्या आकड्यांची विचारणा शक्यतो टाळावी.

काही वेळा सर्व करूनही नवी मंडळी टिकत नाही. तसे झाल्यास हिशेब उघडपणे पूर्ण करावेत, विश्वासीयांची सोय जवळच्या मंडळीत लावावी आणि पुढाऱ्याला व त्याच्या कुटुंबाला विश्रांतीचा काळ द्यावा, कारण अशा वेळी सर्वाधिक एकाकी तेच पडतात. आणि मंडळी टिकली, तर चौथ्या वर्षी मदत संपताच ती रक्कम मूळ मंडळीच्या इतर खर्चात मिसळू देऊ नये. इफिसात पौल शिकवीत असताना आशिया नावाच्या त्या रोमन प्रांतातील सर्व रहिवाशांनी प्रभूचे वचन ऐकले, आणि ज्या कलस्सैच्या विश्वासीयांनी पौलाला प्रत्यक्ष पाहिलेही नव्हते त्यांना पौलाचा सहकारी एपफ्रास याने शिक्षण दिले होते. म्हणून तो निधी पुढील मंडळीच्या नावे अंदाजपत्रकात कायम ठेवावा, पाहणीचा नकाशा पुन्हा उघडावा आणि या वेळी त्या बैठकीला नव्या मंडळीच्या वडिलांनाही बोलवावे.