अप्पांची पंचाहत्तरी आणि फ्रेंच जेवण: सोलापूरहून घरच्या बारा जणांना घेऊन जायचं तर

गेल्या वर्षी आमच्या अप्पांना पंचाहत्तर पूर्ण झाली. उभी हयात त्यांनी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग नीट चालू ठेवणारा कारागीर, म्हणून काढली. हॉल घेऊन दोनशे पानं उठवायला त्यांचा साफ नकार होता. मग पुण्यात नोकरीला असलेल्या धाकट्या भावानं सुचवलं, आपण घरचेच बारा जण तिकडे फ्रेंच रेस्टॉरंटात जेवू. आई म्हणाली, "ते काट्या-चमच्याचं आपल्याला कुठं जमायचं?" जमलं, आणि छान जमलं. पण दोन-तीन ठिकाणी आम्ही चुकलो. तुमचं तसं होऊ नये म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

सगळ्यात आधी एक नेम करा. प्रत्येक गोष्ट उत्सवमूर्तीच्या खुर्चीत बसून ठरवायची. कुठलं हॉटेल नावाजलेलं आहे, फोटो कुठं चांगले येतात, हे नंतर. त्या माणसाला किती वाजता भूक लागते, किती वेळ बसवतं, काय चावतं, काय वर्ज्य आहे, हे आधी.

घरच्यांना जेवणाची रीत आधी सांगून ठेवा

फ्रेंच जेवण एकामागून एक येतं. युनेस्कोनं २०१० साली फ्रेंच लोकांच्या जेवणाच्या या रीतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. ते रोजच्या जेवणासाठी नाही. वाढदिवस, लग्न, बारसं अशा प्रसंगी गोतावळ्यानं एकत्र बसून जे जेवायचं, त्यासाठी आहे. म्हणजे आपण ज्या कारणासाठी जातो, त्याच कारणासाठी ही रीत घडली आहे. सुरुवातीला पेय, मग किमान चार टप्पे: पहिला हलका पदार्थ, मग मासे किंवा मटण-चिकन भाज्यांसह, मग चीज, मग गोड. शेवटी पुन्हा एखादं पेय.

आपल्या पानात मीठ-लिंबापासून गोडापर्यंत सगळं एकदम दिसतं. जेवणारा मनाशी हिशेब करतो आणि त्या बेतानं पोटात जागा ठेवतो. इथं तसं दिसत नाही. पहिली बशी संपली, पंधरा मिनिटं टेबल रिकामंच, तेव्हा अप्पांनी मला हळूच विचारलं, "झालं का गं एवढंच?" हे आदल्या दिवशी सांगून ठेवायचं राहिलं होतं. गंमत म्हणजे फ्रान्समध्येही जुन्या काळी मोठ्या मेजवान्यांत बऱ्याच बशा एकदमच मांडत. एकेक पदार्थ पाळीनं वाढायची पद्धत तिथं एकोणिसाव्या शतकात रुजली, आणि फ्रेंच लोक अजूनही तिला 'रशियन पद्धत' म्हणतात.

दोन बशांमधला हा वेळ बोलण्यासाठी असतो. बारा जणांचं जेवण अडीच ते तीन तास चालतं, असं धरूनच चला.

दिवस आणि वेळ: रात्रीपेक्षा दुपार बरी

सोलापूर-पुणे अंतर अडीचशे किलोमीटर. रात्रीचं जेवण साडेआठला सुरू झालं तर उठायला साडेअकरा होतात. मग मुक्काम आला, बारा जणांच्या खोल्या आल्या, आणि म्हाताऱ्या माणसाला अवेळी जड जेवण झालं ते वेगळंच. मुक्काम करणारच असाल तर रात्रीचं जरूर ठरवा, दिव्यांच्या उजेडात ते जेवण खुलतं. पण माझं मत दुपारकडे. रविवारी दुपारी घरच्यांनी मिळून सावकाश जेवणं ही फ्रान्समधलीही जुनी रीत आहे, त्यामुळे आपण काही कमी करतोय असं वाटायचं कारण नाही.

सकाळची हुतात्मा एक्सप्रेस साडेसहाच्या आसपास सोलापुरातून निघते आणि साडेदहा-अकराच्या सुमारास पुण्यात पोचवते. संध्याकाळी सहाच्या सुमारास तीच परत निघते. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही आहे, ती संध्याकाळी सातनंतर पुण्याहून सोलापूरकडे येते. वेळापत्रक आणि वंदे भारतच्या सुट्टीचा वार पाहून मगच टेबल सांगा. साडेबाराचं टेबल दोन्हीत नीट बसतं.

तारीख पक्की करण्याआधी दिनदर्शिका उघडा. एकादशी, संकष्टी, कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, श्रावण. बारा जणांत कुणाचा ना कुणाचा उपास निघतोच. जानेवारीच्या मध्यावर सिद्धेश्वरांची यात्रा असते, तेव्हा सोलापूरकराच्या घरीच पाहुणे असतात. ते दिवस सोडून द्या.

फोन स्वतः करा, आणि हे विचारा

ॲपवरून टेबल ठेवणं दोघा-चौघांसाठी ठीक. आठाच्या वर माणसं असली की फोनच करायचा, तोही दुपारी चार-पाचच्या सुमारास, गर्दी नसताना. निदान दोन आठवडे आधी.

पहिला प्रश्न: सगळे एकाच टेबलावर बसणार का? बरीच ठिकाणं सहा-सहाची दोन टेबलं देतात, आणि मग समारंभाचे दोन तुकडे होतात. एकच लांब टेबल मिळत नसेल तर दुसरं ठिकाण बघा, इतकं हे महत्त्वाचं आहे. दुसरा: पायऱ्या किती आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का? तिसरा: ठरलेल्या किमतीचं जेवण आहे का?

या तिसऱ्यात एक बारकावा आहे. फ्रान्समध्ये 'मेन्यू' म्हणजे ठरावीक किमतीत ठरलेले तीन-चार पदार्थ. ज्या यादीतून आपण हवं ते निवडतो तिला 'कार्त' म्हणतात, 'आ ला कार्त' हा शब्द तिथूनच आला. मोठ्या मंडळींसाठी ठरीव मेन्यूच घ्या. बारा जणांनी बारा वेगळे पदार्थ मागवले की स्वयंपाकघर अडकतं, निम्म्यांचं येतं आणि निम्मे बघत बसतात. प्रत्येक टप्प्याला एक शाकाहारी आणि एक मांसाहारी असे दोन पर्याय ठरवून घ्या, कुणाला काय हे चार दिवस आधी कळवा. आगाऊ रक्कम किती, माणसं कमी झाली तर ती परत मिळते का, हेही विचारून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

बाहेरचा केक चालतो का, हेही आधीच विचारा. आम्ही केक नेलाच नाही. शेवटच्या गोडाच्या बशीत एक मेणबत्ती लावून द्यायला सांगितलं. केक आणि डेझर्ट दोन्ही केलं की दोन्ही अर्धंच खाल्लं जातं.

'व्हेज' एवढं सांगून भागत नाही

आमची मोठी चूक इथं झाली. फोनवर मी "पाच व्हेज" एवढंच सांगितलं होतं. आमची आत्या माळकरी, वर्षातून दोनदा पंढरीला जाणारी. तिच्यापुढं कांद्याचं सूप आलं. वर ब्रेडचा तुकडा, त्यावर भाजून सोनेरी झालेलं चीज, वास तर असा की सगळ्यांनी माना वळवल्या. आत्यानं चमचा उचलला आणि माझ्या मुलीनं सहज वेटरला विचारलं, पाणी कशाचं आहे? चिकनचा स्टॉक, म्हणजे कोंबडीची हाडं उकळून काढलेलं पाणी. बशी परत गेली. तिच्यासाठी दुसरं काही येईपर्यंत अर्धा तास गेला, आणि तेवढा वेळ आत्या ब्रेड-लोणी खात हसतमुखानं बसून राहिली. ते हसू मला अजून टोचतं.

फ्रेंच कांद्याचं सूप परंपरेनं बीफच्या हाडांच्या स्टॉकमध्ये करतात, आपल्याकडे बहुधा चिकनच्या. नावात कांदा आहे म्हणून ते शाकाहारी होत नाही. म्हणून फोनवर असं एकेक करून विचारा:

सूप आणि सॉसचा स्टॉक कशाचा? भाजीचा असेल तर तसं स्पष्ट म्हणवून घ्या.

अंडं चालतं का नाही, प्रत्येकाचं वेगळं सांगा. कीश म्हणजे भाजलेल्या पिठाच्या वाटीतलं खारं पुडिंग, त्यात अंडं असतंच, सूफ्ले तर अंड्याच्या पांढऱ्यावरच फुगतं. गोडात तर फारच: क्रेम ब्रुले म्हणजे साय आणि अंड्याचा बलक, चॉकलेट मूसमध्ये पुष्कळदा कच्चं अंडं असतं. घरात गरोदर लेक-सून किंवा आजारी माणूस असेल तर हे विचारायलाच हवं. जेली किंवा गोठवलेलं गोड असेल तर त्यात जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला घट्ट करणारा पदार्थ) आहे का, हेही.

चीज. ग्रुयेरसारखी काही पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं दूध नासवून करतात. भारतात बनणाऱ्या बऱ्याच चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं, ते कडक शाकाहाऱ्यांनाही चालतं. माळकरी किंवा जैन मंडळी असतील तर कुठलं चीज वापरता, हे विचारायला लाजू नका.

वाईन. ती प्यायचीच नाही हे ठीक, पण ती रश्श्यातही असते. कोको व्हँ हा पदार्थच मुळी वाईनमध्ये शिजवलेली कोंबडी.

मग शाकाहाऱ्यांनी खायचं काय? खूप काही. रातातुई घ्या. दक्षिण फ्रान्समधल्या नीस शहराकडची ती भाजी: वांगी, झुकिनी, ढोबळी मिरची, टोमॅटो, कांदा, लसूण, ऑलिव्ह तेलात सावकाश शिजवलेलं. आईनं पहिल्या घासाला ओळखलं, "वांग्याचीच की!" बटाट्याचे पातळ काप दूध-सायीत भाजून करतात ते ग्रातँ दोफिन्वा, दात नसलेल्यालाही जमतं. शेवटी तार्त तातँ, सफरचंद साखर-लोण्यात तांबूस करून उलटं भाजलेलं. सोर्बे म्हणजे फळांचं बर्फगोड, त्यात बहुधा दूधही नसतं.

सूफ्ले हवं असेल तर जेवणाच्या सुरुवातीलाच सांगावं लागतं. भट्टीतून निघाल्यावर ते काही मिनिटांतच बसतं, म्हणून ते येईल तेव्हा सगळे जागेवर हवेत.

आदल्या रात्री यादी मोठ्यानं वाचा

ठरलेला मेन्यू मराठीत कागदावर उतरवा. पदार्थाचं नाव, त्यात काय आहे, तिखट किती (जवळजवळ नाहीच). आम्ही हॉलमध्ये सगळ्यांना बसवून वाचला, आणि निम्मी भीती तिथंच गेली. 'आँत्रे' म्हणजे फ्रान्समध्ये पहिला पदार्थ, अमेरिकेत मात्र तोच शब्द मुख्य पदार्थाला वापरतात. इंग्रजी मेन्यूवर हा शब्द दिसला तर कुठल्या अर्थानं आहे, ते विचारा.

शेंगाची चटणी सोबत न्यायची का, यावर आमच्याकडे बराच वाद झाला. मी म्हणते, पर्समध्ये असू द्या पण टेबलावर काढू नका. त्या सॉसमध्ये लोणी, साय, मोहरी, कधी लिंबू यांचा फार नाजूक तोल असतो. एक दिवस जीभ त्याला द्या.

मधुमेह असलेल्यांचं आधी बघा. टेबलावर बसल्यापासून मुख्य पदार्थ यायला तासभर जातो. गोळी किंवा इन्शुलिन कधी घ्यायचं, हे डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि ब्रेड आधी आणायला वेटरला सांगून ठेवा.

टेबलावर

उत्सवमूर्तीला टोकाला बसवू नका. लांब टेबलाच्या मधोमध, पाठ भिंतीकडे. टोकावरच्या माणसाला फक्त शेजारच्या दोघांचं ऐकू येतं. कमी ऐकू येणाऱ्याच्या चांगल्या कानाकडे बोलकं नातवंड बसवा.

नॅपकिन मांडीवर. अप्पांनी तो मांडीवर घेतला नाही, आधी काठ दोन बोटांत धरून उजेडाकडे केला, वीण बघितली, उलटा करून शिवण बघितली. मग म्हणाले, "सूत चांगलं आहे." त्यानंतर ते त्या खोलीत रुळले. वेटर बघत होता, तो हसून म्हणाला, "दादा, तुम्ही याच धंद्यातले का?" पुढची दहा मिनिटं त्याला सोलापुरी टॉवेलची माहिती मिळाली.

काटे-सुऱ्या जास्त असतील तर बाहेरून आत वापरत यायचं. ब्रेड सुरीनं कापायचा नाही, हातानं मोडायचा. कडक पापुद्रा आणि आत मऊ, भाकरी मोडणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही. चमचा हवा असेल तर मागा, कुणी काही म्हणत नाही. खाऊन झालं की काटा-सुरी बशीत शेजारी शेजारी ठेवा. वेगवेगळ्या ठेवल्या तर अजून खायचं आहे असा अर्थ होतो आणि बशी उचलत नाहीत. पाणी मागताना "साधं पाणी" म्हणा, नाहीतर बाटल्या उघडत जातात.

वाईन घेणाऱ्यांनी घ्यावी, पण शुभेच्छांचा पेला सगळ्यांनी उचलावा म्हणून सरबत किंवा लिंबूसोडा आधीच भरून ठेवा. बोलायचं असेल ते मुख्य पदार्थानंतर, गोडाच्या आधी. त्या वेळी पोट भरलेलं असतं आणि कुणालाही घाई नसते. दोघंच बोलले तर पुरे. आमच्याकडे शेवटी अप्पाच बोलले, दोन वाक्यं, आणि आईकडे बघून थांबले.

बिल

एकानंच द्यायचं, आणि ते टेबलावर येऊच द्यायचं नाही. भाऊ गोड यायच्या आधी काउंटरवर जाऊन देऊन आला. वाटणी नंतर घरी.

बिलात सेवा शुल्क लावलेलं असेल तर ते द्यायची सक्ती नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्या कायम केल्या. नम्रपणे काढायला सांगा, आणि सेवा आवडली असेल तर टीप वाढणाऱ्याच्या हातात द्या. स्वतंत्र रेस्टॉरंटात जेवणावर जीएसटी साधारणपणे ५ टक्के. महागड्या खोल्यांच्या हॉटेलातलं रेस्टॉरंट असेल तर तो १८ टक्के असू शकतो, म्हणून एकूण आकडा फोनवरच करासह विचारून ठेवा.

साडेतीन-चारला उठलात तर पाच-सव्वापाचला स्टेशन गाठता येतं. परतीच्या गाडीत कुणाला भूक नसते, पण रात्रीच्या गोळीआधी पोटात थोडं काही लागतं. आईनं सकाळीच छोट्या डब्यात दहीभात भरून ठेवला होता. दौंड मागे पडल्यावर अप्पांनी तो खाल्ला, आणि खिडकीला डोकं टेकून झोपले.